खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दगड उचलून धरायचेत, पण आधार दिसायला नको

सागरगोटा (ठाणे) | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी या विभागात नुसता वाचतो आणि पळतो. आज अडलंय म्हणून लिहितोय.

माशांचा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. काच १२ मिमी. वर्ष होत आलं. आत २८ किलो ड्राय रॉक (कोरडा विकत मिळतो तो दगड), तीन सेंटिमीटर अ‍ॅरागोनाइट वाळू, क्लाऊन माशांची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, एक पिवळा वॉचमन गोबी मासा आणि त्याच्याबरोबर राहणारी पिस्तूल कोळंबी. दगड रचताना मी नवखेपणाने आधी वाळू पसरली आणि मग मागच्या काचेला टेकवून दगडांचा बांध घातला. दिसायला भक्कम होता.

गुरुवारी पहाटे पावणेतीनला ‘ठक्’ असा आवाज झाला. बायकोला वाटलं गॅलरीतली कुंडी पडली. टॉर्च मारून पाहिलं तर वरचा साडेचार किलोचा दगड पुढे घसरून काचेला टेकलेला. काच वाचली, पण दोन बोटं लांबीचा चरा कायमचा. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. कोळंबी रात्रंदिवस खालची वाळू उपसत होती, गोबी दारात पहारा देत होता. दगडाखाली पोकळी झाली आणि बांध ढासळला.

दुसरं दुखणं असं की बांधाच्या मागे पाणी फिरतच नाही. सगळा गाळ तिथे बसतो, लालसर सायनोची (शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची) साय धरते. नायट्रेट (घाण कुजून पाण्यात साठतं ते) ४० च्या खाली येत नाही.

तर आता दगड तळापासून १०-१२ सेंटिमीटर वर उचलून धरायचे आहेत. खालून पाणी वाहायला हवं, माशांना आत-बाहेर करता यायला हवं आणि आधार समोरून दिसता कामा नये. कशाचा करू? घरात पाइपाचे तुकडे पडलेत, ते चालतील का?

---

तळ्यात_मळ्यात (सातारा) | रविवार, रात्री ११:४१

म्हणजे दगडांसाठी चौरंग हवाय तुम्हाला. सत्यनारायण घालणार असाल तर प्रसादाला बोलवा. कोळंबी नको, शिरा चालेल.

---

खाजण (नवी मुंबई) | सोमवार, सकाळी ६:५५

हसण्यावारी नेऊ नका, चौरंगच हवा आहे त्यांना.

सागरगोटा, तुमची पहिली चूक तुम्हीच ओळखलीत. दगड काचेवर बसतो, वाळूवर नाही. आधी दगड किंवा त्याचा आधार थेट तळाच्या काचेवर टेकवायचा, वाळू त्यानंतर भोवतीने ओतायची. मग कोळंबीने खालून पाताळ खणलं तरी वरचं हलत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. २८ किलो कशाला? ‘दर आठ-दहा लिटरला एक किलो’ हा हिशेब जुना आहे. जड, घट्ट दगड आणि नावापुरतं फिल्टर असायचं तेव्हाचा. तुमचा दगड सच्छिद्र असेल आणि सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या पेटीत) स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) धड चालत असेल, तर १८-२० किलोत भागतं. चौरंग करायच्या आधी ढीग कमी करा. वजन कमी, गाळ कमी, शिवाय आधार लपवायलाही सोपं. उरलेले आठ-दहा किलो दगड सम्पमध्ये टाका. दगडातले जिवाणू तिथेही घाण पचवायचं तेच काम करतील.

---

नळवाला (डोंबिवली) | सोमवार, सकाळी ९:१०

धंदा प्लंबिंगचा, नाद टँकचा. म्हणजे हा धागा माझ्यासाठीच आहे.

सागरगोटाभाऊ, घरात पडलेले तुकडे कसले आहेत ते आधी बघा. वायरिंगचा कंड्युट असेल तर विसरा, तो पाण्यासाठी नाहीच. शेतीचा राखाडी पाइपही नको. आपल्याकडे पीव्हीसी पाइप टिकावा म्हणून वर्षानुवर्षं शिशाचे स्टॅबिलायझर घालायचे. त्यावर केंद्र सरकारचे नियम यायला २०२१ साल उजाडलं. जुना तुकडा त्याआधीचा की नंतरचा हे तुम्हाला कोण सांगणार? कोळंबी आणि बिनकण्याचे प्राणी जड धातूंच्या बाबतीत फार नाजूक. शंभर-दीडशे रुपये वाचवायला जाऊन टँक घालवू नका.

सरळ सीपीव्हीसी घ्या, तो फिकट पिवळसर, घरात गरम पाण्याला वापरतात तो. पाऊण इंची. बाहेरचा व्यास साधारण २२ मिमी. पाइपावर छापलेला आयएस १५७७८ हा क्रमांक वाचून घ्या. पांढरा यूपीव्हीसी घेणार असाल तर आयएस ४९८५ आणि ‘लेड फ्री’ हे दोन्ही बघा.

स्टीलचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका. ३०४ ला खाऱ्या पाण्यात गंज येतोच. ३१६ जास्त टिकतं, पण कालांतराने त्यालाही खड्डे पडतात.

---

बिनपाण्याचा_मासा (कणकवली) | सोमवार, दुपारी १:३०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मालवणला या, किनाऱ्यावर वाहून आलेले पोवळ्याचे दगड ढिगाने मिळतात. नाहीतर आमच्याकडचा जांभा घेऊन जा. चिरा कापून हवा तसा चौथरा करा, ना पाइप ना गोंद.

---

चिंगुळ (रत्नागिरी) | सोमवार, दुपारी ३:०५

दादा, तुमचं मन मोठं आहे, पण दोन्ही सल्ले धोक्याचे.

दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत की मेलेलं, पाण्यातलं की किनाऱ्यावरचं, असला वाद घालत बसू नका. उचलून घरी आणूच नका. मी प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी सहलीला कोणीतरी पोर खिशात तुकडा घालतंच आणि दरवर्षी मी तो परत ठेवायला लावते.

जांभ्याचं म्हणाल तर त्याचा तांबडा रंग लोहाचा आहे. खाऱ्या पाण्यात तो झिजत, सुटत राहणार आणि शेवाळाला मेजवानी. काळा कातळ निरुपद्रवी आहे, पण जड आणि भरीव. जिवाणूंना राहायला छिद्रं नाहीत आणि काचेवर फुकटचा भार.

---

बिनपाण्याचा_मासा (कणकवली) | सोमवार, दुपारी ३:२२

ताई, चूक कबूल. जांभा घराच्या भिंतीलाच बरा.

---

पैलतीर (न्यू जर्सी) | सोमवार, संध्याकाळी ७:४८

इकडे बरेच जण पाइपाच्या भानगडीत पडत नाहीत. दगडांना भोकं पाडून त्यात अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचे दांडे घालतात. दांडा खालच्या दगडातून वरच्या दगडात जातो, दगड मण्यांसारखे ओवले जातात. मी १० मिमीचे दांडे वापरले. ड्रिलला दगडाचं बिट लावायचं, हॅमर बंद ठेवायचा, वेग कमी, आणि अधूनमधून पाणी मारायचं. हॅमर चालू राहिला तर ड्राय रॉक बिस्किटासारखा फुटतो. माझे दोन फुटले.

एगक्रेटचाही विचार करा. फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखाली प्लॅस्टिकची चौकोनी जाळी असते ना, ती. काचेवर अंथरली की भार विभागतो.

---

खाजण (नवी मुंबई) | सोमवार, रात्री ९:१५

जाळीबद्दल माझं मत उलट आहे. जाळीच्या प्रत्येक चौकोनात गाळ बसतो आणि वर वाळू असली की तो काढता येत नाही. वर्षभराने तेच नायट्रेट. शिवाय आपल्या बाजारात तसलीच दिसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाळी सर्रास मिळते. दुकानदार ‘सेम टू सेम’ म्हणून गळ्यात मारेल. नखाने टकटक करून बघा, उचलून बघा.

दांडे उत्तम, पण ते दगडाला दगड जोडायला. पूर्ण रचना जमिनीवरून उचलायची तर चौरंगच.

---

सागरगोटा (ठाणे) | सोमवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. घरातले तुकडे बघितले, राखाडीच निघाले. भंगारात दिले.

आता काळजी वजनाची. २२ मिमीचा प्लॅस्टिकचा पाइप २० किलो दगड वर्षानुवर्षं पेलेल का? आणि तो सगळा भार चार पायांतून काचेवर चार ठिपक्यांवर येणार, त्याचं काय?

---

नळवाला (डोंबिवली) | मंगळवार, सकाळी ८:४०

पाइपाची काळजी नको. आडवा तुकडा अर्धा मीटरच्या आत ठेवा, मध्ये झोक पडणार नाही.

काचेचा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. लोक पायाला खाली एन्ड कॅप लावतात. कॅपचं बूड गोलसर असतं, म्हणजे ती काचेवर एका टिचभर जागेवर टेकते. त्यापेक्षा पाय उघडा ठेवा, कड काटकोनात कापा आणि खाली कपलर चढवा. कपलरची कड जाड, बसायला रुंद. त्याखाली ५ मिमी अ‍ॅक्रिलिकचा दोन इंची चौकोन. साइनबोर्डवाल्याकडे कातरण फुकट मिळतं.

चारही पाय एका मापाचे कापले असं तुम्हाला वाटेल, पण ते नसतात. तयार चौरंग ओट्यावर ठेवा, कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगला तर सपाट काचेवर सँडपेपर चिकटवा आणि लांब पाय त्यावर घासा.

---

चिंगुळ (रत्नागिरी) | मंगळवार, सकाळी ११:२०

वजनाचा हिशेब मी मांडून देते. चुनखडीच्या जातीच्या दगडाची घनता साधारण २.८ धरा. २० किलो दगडाचा घन भाग झाला सव्वासात लिटरच्या आसपास. तेवढं समुद्राचं पाणी, म्हणजे सुमारे सात किलो तीनशे, बाजूला सरतं. दगडातली छिद्रं पाण्याने भरतात, म्हणून ती यात धरायची नाहीत. तर पाण्याखाली चौरंगावर प्रत्यक्ष भार साडेबारा-तेरा किलो.

पण रचताना टँक रिकामा असेल, तेव्हा पूर्ण २० किलो. पाणी बदलताना पातळी खाली गेली की उघड्या पडलेल्या दगडाचं वजन पुन्हा वाढतं. म्हणून हिशेब कोरड्या वजनाचाच करा.

---

तळ्यात_मळ्यात (सातारा) | मंगळवार, सकाळी ११:३४

आर्किमिडीज टबातून उठून रत्नागिरीला शिकवायला लागला. मॅडम, तुमच्या वर्गात बसलो असतो तर मी पण पास झालो असतो.

---

सागरगोटा (ठाणे) | मंगळवार, रात्री ११:०५

कापायला बसलो आणि अडलो. कोपऱ्यात तीन तोंडांचा एल्बो हवा: दोन आडव्या दिशा आणि एक खाली पाय. तीन हार्डवेअरवाले पालथे घातले. एकाने तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाइपाची खुर्ची मागितली.

---

नळवाला (डोंबिवली) | बुधवार, सकाळी ७:५०

तो एल्बो आपल्याकडे प्लंबिंगात लागतच नाही, म्हणून मिळत नाही. आणि त्याची गरजही नाही. असं करा:

चार साधे एल्बो आडवे ठेवून चौकट करा. दोन्ही लांब बाजूंवर दोन-दोन टी घाला, टीचं मधलं तोंड खाली. त्या चार तोंडांत चार पाय. झाला चौरंग. टी मात्र एल्बोला जवळजवळ खेटून हवी. मध्ये चार सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, दोन्ही फिटिंगांच्या आत तो दिसेनासा होतो. टी आत सरकवलीत तर कोपरे अधांतरी राहतात आणि टोकाला जड दगड ठेवला की चौरंग कलंडतो.

पाण्यात टाकण्याआधी भोकं. विसरू नका. बंद पाइपात हवा राहते.

---

खाजण (नवी मुंबई) | बुधवार, सकाळी ८:२५

आणि भोकं नसताना पाणी शिरलंच तर ते आत महिनोन् महिने साचून कुजतं. ८ मिमी बिट, दर पाच सेंटिमीटरला एक. बुरा नीट झटका, नाहीतर वेव्हमेकरच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) पंख्यात जातो.

लपवायचं कसं, हे अजून कोणी बोललं नाही. पाइपाला रंग देऊ नका. घराचं छप्पर बघा, भिंतीच्या बाहेर वळचण असते की नाही? तसा दगड चौकटीच्या पुढे चार-पाच सेंटिमीटर झुकलेला ठेवा. वरून प्रकाश येतो, वळचणीखाली आपोआप काळोख. आपण टँकपुढे बसतो तेव्हा नजर दगडाच्या कडेवर थांबते, खाली जातच नाही. म्हणजे चौकट दगडांच्या पसाऱ्यापेक्षा लहान करायची. लोक नेमकं उलटं करतात. मोठा चौरंग करतात आणि मग तो झाकायला पुढे चिपा रचतात. त्या चिपांमागे पुन्हा गाळ.

पायांना वाळूचा लेप द्या. दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी लावायचं आणि ओलं असताना पाय कोरड्या अ‍ॅरागोनाइटमध्ये लाटण्यासारखा फिरवायचा. दोन थर.

---

चिंगुळ (रत्नागिरी) | बुधवार, दुपारी २:१०

लेपाला माझा आक्षेप नाही, पण घाई नसेल तर गरजही नाही. कोरलाइन शेवाळ एकदा धरलं की चार-सहा महिन्यांत पाइप गुलाबी-जांभळा होतो. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम नीट राखा, बाकी ते स्वतःच करतं.

---

सागरगोटा (ठाणे) | बुधवार, रात्री १०:१५

सांध्यांना सोल्व्हंट सिमेंट लावू की नुसते दाबून बसवू?

---

नळवाला (डोंबिवली) | बुधवार, रात्री १०:४०

लावा. दाबून बसवलेला सांधा कोरडा असताना घट्ट वाटतो, दगड ठेवताना फिरतो. सीपीव्हीसीचंच सिमेंट घ्या, बोटभर नाही, नखभर लावा. तीन-चार दिवस खिडकीत वाळवा, मग दोन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत. वास पूर्ण गेला पाहिजे.

---

पैलतीर (न्यू जर्सी) | गुरुवार, पहाटे ५:३०

मी असतो तर नसतं लावलं. पुढे रचना बदलावीशी वाटली तर सुटं करता येतं.

---

नळवाला (डोंबिवली) | गुरुवार, सकाळी ८:०५

रचना बदलावीशी वाटली तर दुसरा चौरंग करावा. पाइप स्वस्त आहे, काच महाग.

---

सागरगोटा (ठाणे) | पुढचा शुक्रवार, रात्री ११:५०

काम सुरू आहे, तोवर एक फजिती सांगतो.

दोन चौरंग केले. मोठा ४६ बाय २०, धाकटा २८ बाय १८, उंची १२ सेंटिमीटर. भोकं दिसू नयेत म्हणून मी शहाणपणा केला आणि सगळी खालच्या अंगाने पाडली. खूश होऊन कपडे धुवायच्या टबात सोडला, तर साहेब तरंगायला लागले! दाबला की खाली, सोडला की वर. आडव्या पाइपातली हवा वरच्या बाजूला अडकलेली, तिला बाहेर पडायला वाटच नाही. पोरगी म्हणाली, ‘बाबा, बोट केलीस का?’

वरच्या अंगाला चारही बाजूंना एकेक ३ मिमीचं भोक पाडलं. बुडबुड करत हवा निघाली आणि चौरंग तळाला जाऊन बसला. वरून दगड येणार असल्यामुळे ती भोकं दिसणारही नाहीत.

आता दगड बसवतोय, टँकबाहेर. जुन्या खोक्याचा पुठ्ठा १२० बाय ४५ कापला, तोच टँकचा तळ. कोपऱ्यावर पेन्सिलने पुढची काच, मागची काच लिहिलं. पुढे ११ आणि मागे ९ सेंटिमीटर रिकामं सोडलंय, चुंबकाचा ब्रश फिरायला.

---

खाजण (नवी मुंबई) | शनिवार, सकाळी ७:०५

छान. आता एक पथ्य पाळा. गोंदाशिवाय आधी सगळे दगड नुसते ठेवून उभे राहिले पाहिजेत. प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकायला हवा, चुलीच्या तीन दगडांवर भांडं बसतं तसा. दोन ठिकाणी टेकलेला डुलतो, आणि चौथं टेकण शोधत बसलात तर रात्र संपते. रचून झालं की चौरंगाला धरून हलवा. मुलगा सायकल शिकताना आपण सीट धरून हलवतो तितपत. जो पडेल तो आत्ता पडू दे.

गोंद हा फक्त पहाटे पावणेतीनसाठी.

---

पैलतीर (न्यू जर्सी) | शनिवार, सकाळी ८:१५

गोंदाची रीत: आधी सुपरग्लूचं जेल, त्यावर अ‍ॅक्वेरियमच्या इपॉक्सी पुट्टीची गोळी, गोळीवर परत जेल, मग दगड. नुसती पुट्टी ओल्या दगडाला धरत नाही, नुसतं जेल फटी भरत नाही. दोन्ही मिळून धरतात. पुट्टी वापरल्यावर स्किमर एखादा दिवस वेड्यासारखा फेस काढतो, घाबरू नका, फेस जमतो तो कप वर करून ठेवा.

पाइपाला दगड बांधायला काळ्या झिप टायही चालतात, फक्त टोकं नीट कापा.

---

बिनपाण्याचा_मासा (कणकवली) | शनिवार, सकाळी ९:४०

चालू टँकमध्ये हे सगळं घुसवणार कसं? मासे कुठे जाणार?

---

चिंगुळ (रत्नागिरी) | शनिवार, सकाळी १०:३०

हेच मी विचारणार होते. सागरगोटा, एका दिवसात सगळं उपसू नका. दगड कोरडा पडला की त्यातले जिवाणू मरतात आणि परत ठेवल्यावर अमोनिया चढतो. परत ठेवायचे दगड टँकच्याच पाण्यात टबात ठेवा, वर ओलं फडकं. जुन्या वाळूत काळे डाग दिसले आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. ती वाळू ढवळू नका, नळीने ओढून टाकून द्या.

---

सागरगोटा (ठाणे) | रविवार, रात्री १२:४०

झालं. हात सुरकुतलेत, पाठ मोडलीय.

डावी बाजू काल, उजवी आज. मासे ६० लिटरच्या टबात, एअरपंप लावून, वर जुनी ओढणी. क्लाऊन शहाण्यासारखे आले. गोबीने दीड तास दमवलं. कोळंबी सापडेचना. शेवटी दगड उचलून टबात ठेवला तेव्हा आतून ‘टक्’ ऐकू आलं. बाई दगडासकट आल्या होत्या.

मागच्या काचेजवळची वाळू काळी होती, वास अगदी ताई म्हणाल्या तसाच. पाच-सहा किलो फेकली. दगड १९ किलोच वर चढवले, बाकीचे सम्पमध्ये. चौरंग अ‍ॅक्रिलिकच्या चौकोनांवर, चौकोन काचेवर, मग वाळू. खालून साधारण नऊ सेंटिमीटर मोकळं राहिलं.

वेव्हमेकर डाव्या कोपऱ्यात खाली वळवला आणि चिमूटभर खाद्य सोडलं. दगडाखालून जाऊन ते उजवीकडे बाहेर आलं, तेव्हा आई पलंगावरून उठून बघायला आली. ‘दगड अधांतरी कसे रे?’ म्हणाली. म्हणजे वळचणीचा हिशेब जमला.

फोटो उद्या. आत्ता पाणी गढूळ आहे.

---

नळवाला (डोंबिवली) | सोमवार, सकाळी ८:००

आईंनी विचारलं म्हणजे पास. अमोनिया रोज बघा, निदान आठवडाभर.

---

तळ्यात_मळ्यात (सातारा) | सोमवार, सकाळी ८:२०

शिऱ्याचं काय झालं?

---

मीठभाकर (पुणे) | पाच महिन्यांनी, बुधवार, संध्याकाळी ६:१२

धागा वर काढतोय. माझा तीन फुटी टँक अजून कोरडाच आहे, पाइप आजच आणला. सागरगोटा, तुमचा चौरंग कसा आहे? काही बदलावंसं वाटतंय का?

---

सागरगोटा (ठाणे) | बुधवार, रात्री १०:५५

मीठभाकर, कोरड्या टँकमध्ये करताय म्हणजे अर्धी कटकट वाचली.

नायट्रेट १०-१५ वर आलंय. यात चौरंगाचं श्रेय किती आणि दगड कमी केल्याचं किती, सांगता येणार नाही. पण मागे साय धरत नाही. अमोनिया दुसऱ्या दिवशी थोडा दिसला होता, पाणी बदलल्यावर उतरला. पाइपाची पुढची बाजू गुलाबी झाली, मागची अजून पिवळी आहे. तिथे प्रकाश पोचत नाही, कोणाला दिसतही नाही.

बदलेन ते उंचीचं. मोठ्या चौरंगाला १२ च्या जागी १५ सेंटिमीटर पाय दिले असते तर हात घालून नळी फिरवायला सोपं गेलं असतं. रॉयल ग्रामाला विचाराल तर आहे तेच बरं आहे. तो खालच्या बाजूला उलटा लटकून राहतो, पोट दगडाकडे.

आणि ती कोळंबी. तिने बिळासाठी जागा निवडली ती मोठ्या चौरंगाच्या पुढच्या उजव्या पायाजवळ. पायाभोवतीची सगळी वाळू उपसली. पाय, कपलर, अ‍ॅक्रिलिकचा चौकोन, सगळं उघडं, समोरून स्वच्छ दिसतंय. दगड तसूभर हललेला नाही. मी दर रविवारी लांब दांड्याच्या चमच्याने वाळू परत भरतो, मंगळवारपर्यंत ती बाहेर काढते. गोबी बघत असतो.